घोडा मेला तर नुकसान कोणाचे? मध्ययुगीन युरोपच्या कायद्यातील घोडा

विचारलेला प्रश्न असा आहे की मध्ययुगीन युरोपात कायद्याने आणि समाजाने घोड्याला नेमके कोणते स्थान दिले होते, तो केवळ सरदारांचे युद्धवाहन होता काय, आणि घोडेचोराला सरसकट फाशी होत असे ही समजूत कितपत खरी आहे. मी व्यवसायाने अश्ववैद्य आहे. विक्रीपूर्वी घोडा तपासून त्याच्या प्रकृतीचा दाखला देणे हा गेली तीस वर्षे माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. विकल्यानंतर उघडकीस आलेला दोष विकणाऱ्याच्या माथी मारायचा की घेणाऱ्याच्या, या तंट्यात साक्ष देण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली, आणि या प्रश्नाची जुनी उत्तरे शोधता शोधता मी मध्ययुगीन कायदेसंहितांपर्यंत जाऊन पोहोचलो. म्हणून माझे उत्तर लढायांच्या वर्णनांवर आधारलेले नसून दंडांच्या याद्या, वारशाचे नियम आणि हिशेबाच्या वह्या यांवर आधारलेले आहे.

माझ्या मते या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी एकच काळजी दिसते. घोडा ही अतिशय महाग, अतिशय नाजूक आणि आपल्या पायांनी पळून जाऊ शकणारी मालमत्ता आहे. एका रात्रीच्या पोटशुळाने तो मरतो, एका चुकीच्या नालेने लंगडतो आणि एका उघड्या फाटकातून नाहीसा होतो. हे नुकसान कोणी सोसायचे, मालकाने, धन्याने, राजाने की शेजाऱ्याने, हे मध्ययुगीन कायदा पुन्हा पुन्हा ठरवताना दिसतो, आणि ज्याने जो भार उचलला त्यावरून त्याची समाजातली जागाही ठरत गेली.

आरंभ दंडांपासून करतो. फ्रँक लोकांचा, म्हणजे रोमन साम्राज्यानंतर आजच्या फ्रान्सच्या भागात राज्य करणाऱ्या जमातीचा, सॅलिक कायदा सहाव्या शतकाच्या सुरुवातीस, राजा क्लोव्हिसच्या काळात, लॅटिन भाषेत लिहिला गेला. गाडीला जुंपण्याचा घोडा चोरणाऱ्यास त्यात 45 सॉलिडस (सॉलिडस हे सोन्याचे नाणे) दंड सांगितला आहे, आणि मुक्त फ्रँक माणसाला ठार मारल्याची भरपाई 200 सॉलिडस आहे. मालकाला न विचारता त्याच्या घोड्यावर नुसते स्वार होणाऱ्यालाही 30 सॉलिडस भरावे लागत. आजच्या वाचकाला हा दंड अवाजवी वाटेल, परंतु ज्याने घोडा पाळला आहे त्याला तसे वाटणार नाही. सरावात नसलेल्या घोड्याला अनोळखी स्वाराने एकदा बेफाम दौडवले, तर पायाच्या स्नायुबंधाला अशी इजा होऊ शकते की ते जनावर पुन्हा पूर्वीसारखे धावत नाही, आणि सकाळी तबेल्यात परत आलेल्या घोड्याकडे पाहून रात्री काय घडले हे सिद्ध करणे मालकाला जवळपास अशक्य असते. म्हणून चोरीचा हेतू होता की नव्हता या वादात न शिरता कायद्याने त्या स्वारीलाच गुन्हा मानले.

ऱ्हाइन नदीकाठच्या रिपुएरियन फ्रँकांच्या संहितेत आणखी एक उपयुक्त यादी आहे. दंड रोख भरता येत नसेल तर तो वस्तुरूपाने कोणत्या दराने भरायचा, हे तीत दिले आहे. चांगला घोडा 12 सॉलिडस, घोडी 3, बैल 2. साखळी चिलखत 12, शिरस्त्राण 6, म्यानासह तलवार 7, पायांवरचे कवच 6, ढाल आणि भाला मिळून 2. म्हणजे एका माणसाला घोड्यावर बसवून पूर्ण सज्ज करायचे तर 45 सॉलिडस, अर्थात बावीसहून अधिक बैलांची किंमत लागे. साधा शेतकरी हा खर्च कधीच करू शकत नव्हता, आणि घोडेस्वार योद्ध्यांचा एक वेगळा वर्ग का तयार झाला याचे कारण मला या यादीत जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही वीरकथेत दिसत नाही. दहाव्या शतकात, इंग्लंडचा राजा एथेलस्टन याच्या काळी, लंडनच्या नागरिकांनी चोरीविरुद्ध एक संघ स्थापन केला होता. चोरीला गेलेल्या जनावराची भरपाई संघाच्या निधीतून करताना चांगला घोडा अर्धा पौंड म्हणजे 120 पेनी, बैल 30 पेनी, गाय 20 आणि डुक्कर 10 असे दर धरले होते. पशुविम्याचा इतका जुना आणि इतका सुस्पष्ट नमुना मला दुसरा माहीत नाही.

येथे शब्दांबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण मध्ययुगीन कागदपत्रांत नुसता ‘घोडा’ क्वचितच भेटतो. लढाईचा मोठा घोडा म्हणजे डेस्ट्रिअर. हे नाव ‘उजवा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले, आणि सेवक त्याला उजव्या हाताशी धरून नेत असे म्हणून ते पडले असे मानतात. प्रवासाचा, रेवाल चालीचा घोडा म्हणजे पॅल्फ्री; सरदार, धर्मगुरू आणि स्त्रिया वाटचालीसाठी तोच वापरत. कोर्सर हा चपळ, राउन्सी हा सर्वसाधारण कामाचा, संप्टर हा ओझ्याचा. पॅल्फ्री या शब्दाचे मूळ ‘पॅराव्हेरेडस’ या लॅटिन शब्दात असून त्याचा अर्थ सरकारी टपालासाठी आडवाटेवर पुरवायचा जादा घोडा असा होता. असे घोडे पुरवणे ही प्रजेवरची कायदेशीर वेठ होती, आणि घोड्यासाठीचा आजचा सामान्य जर्मन शब्द ‘फेर्ड’ याच वेठीच्या नावातून आला आहे. पदव्यांचेही तसेच झाले. मार्शल म्हणजे मुळात घोड्यांचा चाकर, आणि कॉन्स्टेबल म्हणजे तबेल्याचा अधिकारी. राजाच्या घोड्यांची देखभाल करणारा माणूस राजाचा सेनापती होतो, हा प्रवास मराठी वाचकाला पागा आणि पागेदार या शब्दांमुळे सहज कळेल. फ्रेंच ‘शेव्हालिए’, स्पॅनिश ‘काबायेरो’ आणि जर्मन ‘रिटर’ हे तिन्ही शब्द घोड्यावरून किंवा स्वारीवरून आलेले आहेत.

चित्रपटांनी रुजवलेला एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. मध्ययुगीन युद्धाश्व हा आजच्या अवजड गाडीघोड्यासारखा प्रचंड प्राणी नव्हता. इंग्लंडमधील उत्खननांत सापडलेल्या घोड्यांच्या हाडांची मापे घेतली असता त्यांपैकी बहुसंख्य घोडे आजच्या व्याख्येने पोनी, म्हणजे तट्टू, ठरतील इतक्या उंचीचे होते. त्यांचे मोल उंचीत नव्हते, शिक्षणात आणि धैर्यात होते, आणि शिकवलेला घोडा मेला की अनेक वर्षांची मेहनत त्याच्याबरोबर जाई.

आता माझ्या व्यवसायाच्या अगदी जवळचा भाग, म्हणजे विक्री आणि तिची हमी. वेल्समधील कायदे दहाव्या शतकातील राजा हवेल धा याच्या नावाने ओळखले जातात, जरी त्यांची आज उपलब्ध असलेली हस्तलिखिते तेराव्या शतकापासूनची आहेत. त्यांतील एक नियम मी प्रथम वाचला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, इतका तो वैद्यकीय दृष्टीने नेमका आहे. घोडा विकणाऱ्याने भोवळीच्या रोगासाठी तीन दिवस, श्वसनमार्गाच्या रोगासाठी तीन महिने, आणि फार्सीसाठी, म्हणजे कातडीखाली गाठींच्या माळा उठून त्या फुटतात त्या रोगासाठी, एक वर्ष जबाबदार राहावे, असे तो नियम सांगतो.

या तीन मुदती मनाला येईल तशा ठरवलेल्या नाहीत. ज्या घोड्याचा तोल जातो, जो चालताना झोकांड्या खातो, त्याचा दोष नव्या मालकाच्या अंगणात दोन-तीन दिवसांत दिसल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर तो दिसला, तर तो विक्रीनंतर जडला असण्याची शक्यता अधिक. श्वसनाचा विकार मात्र विश्रांतीत झाकला जातो आणि घोडा कामाला लागल्यावर, हवा बदलल्यावर वर येतो. त्याला काही आठवड्यांचा अवधी द्यावा लागतो. फार्सी हा ग्लँडर्स या रोगाचाच त्वचेवरचा प्रकार आहे, आणि जुनाट ग्लँडर्स घोड्याच्या शरीरात कित्येक महिने मूकपणे राहू शकतो. जंतूंचे अस्तित्व कोणालाही ठाऊक नसताना, केवळ पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणावरून, वेल्सच्या कायदेपंडितांनी रोगाच्या सुप्तावस्थेइतकी हमीची मुदत ठरवली होती. हा मला त्या काळच्या व्यवहारज्ञानाचा सर्वोत्तम पुरावा वाटतो.

या पद्धतीचे आयुष्यही विलक्षण दीर्घ ठरले. ठराविक दोष आणि प्रत्येक दोषाची ठराविक मुदत ही रचना जर्मन प्रदेशांतील रूढ कायद्यांतही मुरलेली होती. तेथे 1900 साली लागू झालेल्या नागरी संहितेखाली घोड्यांच्या सहा मुख्य दोषांची यादी चौदा दिवसांच्या मुदतीसह कायम ठेवण्यात आली, आणि त्या सहांमध्ये ग्लँडर्स व मेंदूच्या विकाराने येणारी सुस्ती हे दोष होतेच. ती यादी 2001 सालच्या अखेरपर्यंत अमलात होती. आपल्याकडेही 1899 साली ब्रिटिश अमदानीत ग्लँडर्स आणि फार्सी या दोन्ही रोगांची नावे शीर्षकात असलेला कायदा झाला, आणि आजही ग्लँडर्स आढळलेला घोडा मारावा लागतो व त्याची भरपाई सरकारकडून मागावी लागते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना गिऱ्हाईक देवमण आणि भोवरे या अंगावरच्या शुभाशुभ खुणा पाहते, दात मोजते, घोडा चालवून पाहते. पण सौदा झाल्यावर दिसलेल्या खोडीचे काय, याचे लेखी उत्तर बहुतेक वेळा कोणाकडेच नसते. वेल्सच्या गावकऱ्याकडे ते होते.

युद्धाकडे येतो. 1962 साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने असा सिद्धान्त मांडला होता की रिकीब युरोपात आल्यामुळे भाला रोवून धडक देणारे घोडदळ शक्य झाले, त्यासाठी आठव्या शतकात चार्ल्स मार्टेल या फ्रँक सत्ताधीशाने चर्चच्या जमिनी घेऊन स्वारांना दिल्या, आणि त्यातून सरंजामशाही उभी राहिली. सिद्धान्त आकर्षक आहे, परंतु मला तो पटत नाही. त्या काळच्या फ्रँक योद्ध्यांच्या थडग्यांत रिकिबी फारच थोड्या सापडतात, आणि एका लोखंडी कड्याने समाजरचना बदलली असे म्हणण्यापेक्षा घोड्याच्या चंदीने ती बदलली असे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते. घोडा वर्षभर खातो आणि लढाईला थोडेच दिवस उभा राहतो. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या इसवी सन 800 च्या सुमाराच्या शाही मळ्यांविषयीच्या आज्ञापत्रात वळू घोडे एकाच जागी फार काळ ठेवून बिघडवू नयेत आणि शिंगरे 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला राजवाड्यावर हजर करावीत असे हुकूम आहेत. ही काळजी समजण्यासारखी आहे, कारण 791 साली मध्य युरोपातील आवार या लोकांवर केलेल्या मोहिमेत रोगाची साथ येऊन हजारो घोड्यांपैकी जेमतेम एक दशांश उरल्याची नोंद दरबारी बखरीत आहे. पुढे 864 साली राजा चार्ल्स द बाल्ड याने पीत्र येथील आज्ञापत्रात नॉर्मन दर्यालुटारूंना चिलखत, शस्त्र किंवा घोडा देणाऱ्यास देशद्रोही ठरवून मृत्युदंड फर्मावला. एथेलस्टननेही इंग्लंडबाहेर घोडा विकण्यास बंदी घातली होती. भेट म्हणून देण्याची तेवढी मुभा होती.

स्वाराचा घोडा कामगिरीवर मेला तर काय, या प्रश्नाचे सर्वांत तपशीलवार उत्तर इंग्लंडच्या राजांनी दिले. तेराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या एडवर्डच्या सैन्यात दाखल होताना प्रत्येक स्वाराच्या घोड्याची किंमत ठरवली जाई, त्याच्यावर खूण केली जाई, आणि मालकाचे नाव, घोड्याचा रंग व किंमत वहीत लिहिली जाई. स्कॉटलंडमधील फाल्कर्कच्या 1298 सालच्या मोहिमेची अशी वही आज उपलब्ध आहे. कुमेत, मुश्की, सब्जा, अबलख अशा रंगांच्या नोंदी वाचताना तो तळ डोळ्यांसमोर उभा राहतो. मोहिमेत घोडा मेला तर वहीत लिहिलेली किंमत राजाच्या खजिन्यातून मिळत असे, आणि घोड्याची किंमत लिहिली जाण्यापूर्वी स्वाराचा पगारही सुरू होत नसे. नाइटला, म्हणजे सरदार दर्जाच्या स्वाराला, दिवसाला 2 शिलिंग मिळत, त्यामुळे 10 पौंडांचा, म्हणजे 200 शिलिंगांचा, घोडा गेला तर त्याचे शंभर दिवसांचे वेतन गेले असा हिशेब होई. ही हमी नसती तर आपला उत्तम घोडा कोणीही शत्रूच्या भाल्यांसमोर नेला नसता. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत मागे पडली, आणि नुकसानीचा भार पुन्हा स्वाराच्या अंगावर आला.

स्पेनमध्ये याच प्रश्नातून एक आख्खा सामाजिक वर्ग जन्माला आला. मुसलमान राज्यांच्या सीमेवरील कास्तील या ख्रिस्ती राज्याच्या गावांना स्वारांची गरज होती, पण त्यांना पोसण्याइतका पैसा राजाकडे नव्हता. म्हणून सनदांनी असा सौदा केला की जो नागरिक स्वतःचा घोडा बाळगील त्याला करमाफी आणि मान मिळेल. 974 सालच्या कास्त्रोहेरिसच्या सनदेत अशा घोडेवाल्या गावकऱ्यांना कनिष्ठ सरदारांच्या बरोबरीचे मानले आहे. पुढे दहाव्या अल्फॉन्सो राजाने 1256 साली अनेक गावांना दिलेल्या सनदांत 30 मारावेदी (तिथले नाणे) किंवा अधिक किमतीचा घोडा, ढाल, भाला, चिलखत इत्यादी सरंजाम बाळगणाऱ्यास करातून सूट दिली. त्यांना ‘काबायेरो व्हियानो’, म्हणजे गावकरी स्वार, म्हणत. स्वारीत त्यांचा घोडा मेला तर लुटीची वाटणी होण्यापूर्वी त्याची भरपाई काढून ठेवली जाई. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर हा भेद ज्याला ठाऊक आहे त्याला या गावकरी स्वारांची जागा लगेच उमगेल. फरक एवढाच की कास्तीलमध्ये हा शिलेदार गावचा कारभारीही झाला, आणि घोडा नसलेल्या शेजाऱ्यावर कराचा बोजा राहिला.

याच अल्फॉन्सो राजाच्या ‘सिएते पार्तीदास’ या संहितेत नाइटपद गमावण्याची कारणे दिली आहेत. आपला घोडा किंवा शस्त्रे विकणे, फाशांच्या जुगारात हरणे, दारूच्या गुत्त्यात गहाण टाकणे ही त्यांतली काही. अशा माणसाचे पद काढून घेताना त्याच्या टाचांना बांधलेल्या आरांचे पट्टे कापून टाकले जात. इंग्लंडच्या खजिन्याचे अधिकारी रिचर्ड फिट्झनील यांनी 1170 च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या कार्यपद्धतीत हाच विचार उलट बाजूने येतो: राजाच्या देण्यापायी नाइटची चीजवस्तू विकावी लागली तरी एक घोडा त्याच्याकडे राहू द्यावा, कारण ज्याचा दर्जा स्वाराचा आहे त्याच्यावर पायी चालण्याची वेळ येऊ नये. घोडा हा त्याच्या दर्जाचा भाग होता, आणि म्हणून तो सावकारालाही हात लावू न देण्याजोगा, आणि त्याला स्वतःलाही उधळून टाकता न येण्याजोगा होता.

माणूस मेल्यावरही घोड्याचा हिशेब चाले. इंग्लंडचा राजा क्नूट याच्या 1020 च्या सुमाराच्या कायद्यानुसार अर्ल, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा सरदार, मरण पावल्यास राजाला आठ घोडे द्यावे लागत, चार खोगीर घातलेले आणि चार बिनखोगिराचे. सोबत शस्त्रे आणि 200 मँकस सोने. राजाच्या थेनाकडून, म्हणजे त्याखालच्या दर्जाच्या सरदाराकडून, चार घोडे. याला हेरिअट म्हणत, आणि शब्दाचा मूळ अर्थ युद्धसामग्री असा आहे. धन्याने दिलेली सामग्री धन्याकडे परत जाते, अशी त्यामागची कल्पना होती. जर्मन प्रदेशात आइके फॉन रेपगो याने 1220 ते 1235 च्या दरम्यान लिहिलेल्या ‘साक्सेनश्पीगल’ या संहितेत विधवेने नवऱ्याची तलवार, खोगीर चढवलेला उत्तम घोडा आणि उत्तम चिलखत त्याच्या जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हवाली करावे असे सांगितले आहे. घराची मालमत्ता आणि युद्धाची मालमत्ता यांत कायद्याने आखलेली ही रेष होती, आणि घोडा तिच्या पलीकडे उभा होता.

परंतु हीच प्रथा शेतकऱ्याच्या दारात आली तेव्हा तिचे रूप निर्दय झाले. इंग्लंडमध्ये कूळ मरण पावले की जमीनदार त्याच्या गोठ्यातील सर्वोत्तम जनावर हेरिअट म्हणून नेई, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरचे उत्तम जनावर चर्चला जाई. ज्या घरी नांगराला एकच घोडा होता त्या घरी कर्त्या माणसाच्या मृत्यूपाठोपाठ पेरणीचे साधनही दारातून जात असे. या अन्यायाकडे मध्ययुगाचे कौतुक करणारे लोक फारसे पाहत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते. 1348-49 च्या महामारीत तर इतकी कुळे मेली की जनावरांना गिऱ्हाईक उरले नाही. लेस्टरच्या मठातील बखरकार हेन्री नाइटन लिहितो की पूर्वी 40 शिलिंगांना जाणारा घोडा अर्ध्या मार्कला, म्हणजे 6 शिलिंग 8 पेन्सना मिळू लागला.

शेतावर घोडा की बैल, हा त्या काळचा खरा चर्चेचा विषय होता. गळ्यातील पट्ट्याऐवजी खांद्यावर भार घेणारी भरीव गळपट्टी आणि लोखंडी नाल यांमुळे घोडा ओढकामाला योग्य झाला होता. तरीही तेराव्या शतकात शेतीवर लिहिणारा हेन्लीचा वॉल्टर बैलाची बाजू घेतो. त्याचा हिशेब साधा आहे: घोड्याला हिवाळ्यात रोज रात्री ओट्सची चंदी लागते, नालबंदाचा खर्च वेगळा, आणि म्हातारा झाल्यावर बैल माणसाच्या ताटात जातो, घोड्याचे मात्र कातडेच हाती लागते. हे शेवटचे विधान चर्चच्या भूमिकेवर उभे आहे. 732 च्या सुमारास पोप तिसरा ग्रेगरी याने जर्मन प्रदेशात काम करणाऱ्या बोनिफेस या धर्मप्रचारकाला घोड्याचे मांस खाण्याची चाल मोडून काढण्यास लिहिले होते, आणि आइसलँडने इसवी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा घोड्याचे मांस खाण्याची मुभा काही काळ तरी राहू द्यावी ही तडजोड करावी लागली होती. वेल्सच्या कायद्याने नांगराला घोडा जुंपण्यासच मनाई केली. इंग्लंडचे छोटे शेतकरी मात्र जमीनदारांच्या आधी घोड्याकडे वळले, कारण एकच जनावर नांगरट, कुळवणी, गाडी आणि बाजार ही सगळी कामे करू शकत असे.

त्या गाडीघोड्याला दुसरे भय राजाच्या माणसांचे होते. राजाची छावणी हलली की अधिकारी वाटेत दिसेल तो घोडा आणि गाडी वेठीला धरत. इंग्लंडच्या राजाने 1215 साली दिलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या तिसाव्या कलमाने मुक्त माणसाची गाडी किंवा घोडा त्याच्या संमतीविना नेण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षीच्या सुधारित सनदेत ती बंदी सैल करून भाडे ठरवण्यात आले: दोन घोड्यांच्या गाडीला दिवसाला 10 पेन्स, तीन घोड्यांच्या गाडीला 14. फ्रान्समध्ये बोव्हे येथे 1023 साली सरदारांकडून घेतलेल्या शपथेत, 1 मार्चपासून 1 नोव्हेंबरपर्यंत कुरणात चरणारा कोणाचाही घोडा, घोडी, शिंगरू किंवा खेचर आपण पळवणार नाही, असे वचन होते. आठ महिन्यांपुरते दिलेले हे वचन उरलेल्या चार महिन्यांविषयी काय सांगते, हे वाचकाच्या लक्षात येईल.

चोरीच्या शिक्षेचे उत्तर प्रदेशागणिक बदलते. सॅलिक कायद्यात दंड होता. शार्लमेनच्या काळी लिहिलेल्या सॅक्सन लोकांच्या कायद्यात घोडेचोराला थेट मृत्युदंड होता. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापर्यंत असे ठरून गेले होते की 12 पेन्सहून अधिक किमतीची चोरी हा देहान्ताचा अपराध. घोडा नेहमीच त्याहून महाग, त्यामुळे घोडेचोराच्या गळ्यात फास येई तो चोरी घोड्याची होती यामुळे नसून घोड्याच्या किमतीमुळे. प्रत्यक्षात पंच मंडळी आरोपींना पुष्कळदा निर्दोष सोडत. केवळ घोडेचोरीला वेगळे काढून, तिच्यात आरोपीला धर्मगुरू असल्याच्या सबबीवर फाशीतून सुटण्याची मुभा नाही असा कायदा 1547 साली झाला, म्हणजे मध्ययुग संपल्यावर. घोडेचोर म्हणजे फाशी ही समजूत बरीचशी त्यानंतरच्या काळाची आहे.

घोडा स्वतःच कोणाच्या मृत्यूला कारण झाला तर इंग्लंडमध्ये डिओडंड हा नियम लागू होई. देवाला देण्याची वस्तू, असा त्याचा अर्थ. 1194 साली निर्माण झालेल्या कॉरोनर या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे पंच घोड्याची किंमत ठरवत आणि तेवढी रक्कम राजाकडे धर्मकार्यासाठी जमा होई. गाडी चालत असताना माणूस चिरडला गेला तर गाडी, घोडे आणि माल सगळे धरले जाई. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना पडून मेला तर फक्त चाक. यात घोड्याला दोषी ठरवण्याचा हेतू होता असे मला वाटत नाही. मृत्यू घडवणाऱ्या वस्तूपासून मालकाने लाभ घेऊ नये, एवढाच त्याचा आशय होता. हा नियम 1846 साली, आगगाडीच्या इंजिनांवर तो लावण्याची वेळ आल्यानंतर, रद्द झाला.

शिक्षेतही घोडा येतो, पण त्याच्या खोगिराच्या रूपाने. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने शांतताभंग करणाऱ्या सरदारांना दिलेल्या शिक्षेविषयी लिहिताना फ्रायझिंगचा बिशप ओटो एक जुनी चाल नोंदवतो: अशा अपराधात सरदाराने कुत्रा, सरदाराच्या सेवेतील स्वाराने खोगीर आणि शेतकऱ्याने नांगराचे चाक वाहत एका परगण्यातून शेजारच्या परगण्यात पायी जायचे. ज्या वस्तूने माणसाची जागा ठरत होती तीच त्याच्या पाठीवर ठेवली जाई.

शेवटी ‘साक्सेनश्पीगल’मधील एक छोटा नियम, जो मी घोडेमालकांना आवर्जून सांगत असतो. वाटेने जाताना ज्याचा घोडा थकून उभा राहील, त्याने रस्त्यालगतच्या शेतातले धान्य कापून घोड्याला घालावे. मात्र एक पाय रस्त्यावर ठेवून हात जितका पोहोचेल तितकेच कापावे, आणि त्यातले काहीही बरोबर नेऊ नये.